दुसऱ्या वर्षाला कोल्हापूर? टी.सी. काढायच्या आधी हे वाच

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातून एका मुलीनं विचारलंय. बेळगावच्या डिग्री कॉलेजात, म्हणजे राणी चन्नम्मा विद्यापीठाकडं, तिचं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं. विषय भौतिक, रसायन आणि गणित. दुसऱ्या सत्रातला गणिताचा एक पेपर राहिलाय. थोरली बहीण कोल्हापुरात दिलीय. गावाहून बेळगावला रोज ये-जा करण्यापेक्षा बहिणीकडं राहून दुसरं वर्ष शिवाजी विद्यापीठात करावं, असं घरात चाललंय. प्रश्न तीन आहेत. टी.सी. आत्ताच काढून ठेवू का? वर्ष वाया जाईल का? आणि आमचं गाव सीमावादातल्या 865 गावांत येतं, त्याचा प्रवेशाला काही उपयोग होतो का?

सीमेलगतच्या कॉलेजच्या ऑफिसात प्रवेश आणि पात्रतेचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळलं. इकडून तिकडं जाणारी आणि तिकडून इकडं येणारी, दोन्हीकडची पोरं बघितली. त्यावरून सांगतो.

टी.सी. काढू नकोस. निदान तिकडून लेखी होकार हातात पडेपर्यंत तरी नाही. टी.सी. निघाली की तुझं नाव कॉलेजच्या पटावरून कमी झालं. उद्या कोल्हापूरचं काही जमलं नाही आणि परत यायची वेळ आली, तर तुला घ्यायचं की नाही हे जागा आहे का, मुदत आहे का आणि प्राचार्य काय म्हणतात यावर जातं. घरची मंडळी म्हणतात, 'कागद हातात असलेला बरा'. बाकीच्या कागदांना ते लागू आहे, टी.सी.ला नाही. तिकडच्या क्लार्कनं फोनवर 'या, बघू काय करता येतं' म्हटलं, तर त्याला होकार समजू नकोस. तो माणूस चांगल्या मनानंच बोललेला असतो, पण निर्णय त्याच्या हातात नसतो.

मग कुणाच्या हातात असतो? इथं बऱ्याच जणांचा घोळ होतो. 'शिवाजी विद्यापीठात जायचंय' असं आपण म्हणतो, पण सागरमाळावरचं विद्यापीठाचं आवार मुख्यतः एम.ए., एम.एस्सी. आणि त्यापुढच्या शिक्षणासाठी आहे. साधी बी.एस्सी. संलग्न कॉलेजांत होते, आणि ती कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांत पसरलेली आहेत. म्हणजे तू खरं तर एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजातच जाणार आहेस, फक्त वरचं विद्यापीठ बदलतंय. म्हणून होकार दोघांचा लागतो. कॉलेज बघतं दुसऱ्या वर्षाच्या तुकडीत जागा आहे का. सायन्सला हे प्रॅक्टिकलच्या बॅचवर ठरतं, वर्गात बाकं रिकामी असून उपयोग नाही. आणि विद्यापीठाचा पात्रता विभाग बघतो, तू इकडं शिकलीस ते तिकडच्या पहिल्या वर्षाच्या बरोबरीचं आहे का.

कॉलेजचा होकार लवकर मिळतो. अलीकडं सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला बऱ्याच ठिकाणी जागा असतात, आणि तात्पुरता प्रवेश द्यायला कॉलेजं तयार असतात. फी भरली, ओळखपत्र मिळालं, वर्ग सुरू झाले की घरच्यांना वाटतं काम झालं. पात्रता विभागाचं पत्र येतं ते नंतर, कधी परीक्षेचे फॉर्म भरायच्या वेळी. त्यात 'अमुक विषय समकक्ष नाहीत' किंवा 'आधीचं वर्ष पूर्ण उत्तीर्ण नाही' असं निघालं की पोर ना इकडची ना तिकडची होते. निपाणीकडच्या एका मुलाचं असंच झालं. तिसऱ्या सत्राचा अभ्यास निम्म्यावर आला होता आणि परीक्षेचा फॉर्मच घेतला गेला नाही. इकडची टी.सी. आधीच निघालेली. त्याचं एक अख्खं वर्ष गेलं, आणि हुशारीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

तेव्हा विचारायचं ते पात्रता विभागाला, आणि लेखी. ज्या कॉलेजात जायचंय त्याच्या प्राचार्यांमार्फत अर्ज दे. अर्जात आडपडदा ठेवू नकोस. 'राणी चन्नम्मा विद्यापीठातून बी.एस्सी. पहिली दोन सत्रं पूर्ण केली आहेत, मार्क्स कार्डाच्या आणि अभ्यासक्रमाच्या साक्षांकित प्रती जोडल्या आहेत, दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी मी पात्र ठरते का आणि ठरत असल्यास कोणते पेपर जादा द्यावे लागतील, ते कळवावे.' एवढं पुरे. शेवटचा भाग महत्त्वाचा. 'पात्र आहे' एवढंच विचारलंस तर एवढंच उत्तर येतं, आणि जादा पेपरांची यादी वर्षाअखेरीस समोर येते.

आता पेपरांची जुळणी. सगळा खेळ इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन्ही राज्यांनी गेल्या काही वर्षांत पदवीची घडी बदलली, आणि बदलली ती उलट सुलट. कर्नाटकानं 2021-22 मध्ये राष्ट्रीय शिक्षण धोरण देशात सगळ्यांच्या आधी लागू केलं, चार वर्षांच्या ऑनर्सची सोय आणली. सरकार बदललं, राज्याचं वेगळं धोरण ठरवायला सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, आणि 2024-25 पासून पदवी पुन्हा सरळ तीन वर्षांची झाली. नेमकं त्याच 2024-25 ला महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत राष्ट्रीय धोरणाची आखणी आली. म्हणजे एकाच जूनमध्ये बेळगावची पोरगी जुन्या वळणाच्या चौकटीत बसली आणि सीमेपलीकडच्या चंदगडची पोरगी नव्या.

याचा अर्थ कागदावर काय होतो बघ. तुझ्या मार्क्स कार्डावर तीन मुख्य विषय आहेत, तिन्हींचं वजन सारखं, थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं. शिवाय दोन भाषा, आणि एखादा सगळ्यांना सक्तीचा पेपर. तिकडं पहिल्या वर्षी मुख्य विषय असतातच, पण त्यांच्या जोडीला ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली अशी छोट्या छोट्या क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे पेपराचं वजन मोजायचं माप) रांग असते. दुसऱ्या वर्षापासून एक विषय मेजर, म्हणजे मुख्य, आणि एक मायनर, म्हणजे दुय्यम, होतो. तुझं भौतिक आणि रसायन तिकडच्या भौतिक-रसायनाशी बऱ्यापैकी जुळेल, कारण यांत्रिकी काय किंवा अणुरचना काय, सीमेच्या अलीकडं पलीकडं वेगळी शिकवत नाहीत. अडकतं ते या बारक्या पेपरांत. तू कन्नड किंवा हिंदी भाषेचा पेपर दिलास, त्याची क्रेडिट्स तिकडं कुठल्या रकान्यात धरायची? भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर तू दिलाच नाहीस, तो आता कधी द्यायचा? मुख्य विषयांवर कुणी हरकत घेत नाही आणि दोन क्रेडिटच्या पेपरापायी फाईल महिनाभर टेबलावर पडून राहते, असं मी कितीदा पाहिलंय.

म्हणून फाईल पाठवायच्या आधी तूच एक तक्ता कर. डावीकडं तुझा प्रत्येक पेपर, त्याचा कोड, क्रेडिट, आठवड्याचे तास आणि युनिटांची नावं. उजवीकडं शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातला जवळचा पेपर, त्याच क्रमानं. जिथं जुळत नाही तिथं रकाना रिकामाच ठेव, ओढूनताणून भरू नकोस. दोन्हीकडचे अभ्यासक्रम विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर पीडीएफमध्ये असतात. फक्त तुझ्या प्रवेशाच्या वर्षाचाच घे. 2021 ची बॅच आणि 2024 ची बॅच यांचा अभ्यासक्रम एक नाही, आणि चुकीच्या वर्षाची पीडीएफ जोडलेल्या फायली परत येतात. इकडच्या अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पानावर तुझ्या कॉलेजचा शिक्का आणि प्राचार्यांची सही घे. हा तक्ता कुणी मागत नाही. पण फाईल अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांकडं जाते, ते कुठल्या तरी कॉलेजात शिकवणारे प्राध्यापकच असतात, पेपर तपासणीच्या ढिगातून मान वर काढून तुझी फाईल बघतात. त्यांना दोनशे पानं चाळायला लावण्यापेक्षा एक पान पुढं ठेवलेलं बरं.

एक गोष्ट आणखी. कोल्हापुरातली काही कॉलेजं स्वायत्त आहेत, विवेकानंद कॉलेज त्यातलंच. स्वायत्त कॉलेज स्वतःचा अभ्यासक्रम स्वतः ठरवतं. तिथं जायचं असेल तर तुझा तक्ता त्या कॉलेजच्या अभ्यासक्रमाशी जुळवावा लागेल, विद्यापीठाच्या नव्हे. इकडं बेळगावात लिंगराज कॉलेजही स्वायत्त आहे, तिथल्या पोरांनाही हेच लागू.

'पण सर, आता एबीसी आलंय ना? क्रेडिट आपोआप जातात म्हणे.' हा प्रश्न हल्ली प्रत्येकजण विचारतो. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सची नियमावली विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, जुलै 2021 मध्ये आणली. डिजिलॉकरवरून खातं उघडायचं, बारा आकडी क्रमांक मिळतो, विद्यापीठानं तुझी क्रेडिट्स त्यात जमा करायची. चांगली सोय आहे, खातं नसेल तर आजच उघड. मात्र खात्यात क्रेडिट दिसणं वेगळं आणि दुसऱ्या विद्यापीठानं ते आपल्या पदवीत धरणं वेगळं. धरायचं की नाही ते तिथलंच अभ्यास मंडळ ठरवतं. एबीसीमुळं तुझ्या मार्कांची पडताळणी सोपी झाली, जुळणीचं काम जिथल्या तिथं आहे.

त्याच नियमावलीत एक अट आहे, तिच्याकडं फार थोड्यांचं लक्ष जातं. पदवी जी संस्था देणार, तिच्याकडून निदान निम्मी क्रेडिट्स मिळवलेली असली पाहिजेत. महाराष्ट्रात तीन वर्षांची पदवी 132 क्रेडिटपर्यंत जाते, वर्षाला 44. निम्मी म्हणजे 66. पहिल्या वर्षानंतर गेलीस तर तिकडं 88 मिळवायला वाव आहे, अडचण नाही. दुसऱ्या वर्षानंतर गेलीस तर उरतात 44. गणित तिथंच संपलं. एकशेवीस क्रेडिटची पदवी धरून मांडलं तरी उत्तर हेच येतं. म्हणून विद्यापीठ बदलायची खिडकी खऱ्या अर्थानं एकदाच उघडते, पहिलं वर्ष संपल्यावर. 'यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू' हा सल्ला घरात कुणी देत असेल तर त्यांना हा हिशेब दाखव.

आणि आता तुझा राहिलेला पेपर. खरा अडसर तो आहे.

महाराष्ट्रात ज्याला एटीकेटी म्हणतात, तशी सवलत त्या त्या विद्यापीठापुरती असते. तुझ्या कॉलेजात तू एक पेपर राहिला तरी तिसऱ्या सत्राला बसू शकतेस, कारण तो पेपर पुन्हा घेणारं विद्यापीठ तेच आहे. शिवाजी विद्यापीठ राणी चन्नम्माचा गणिताचा पेपर कसा घेणार? म्हणून दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याला सहसा आधीची सगळी सत्रं पूर्ण उत्तीर्ण असावी लागतात. कुणी सांगेल, 'मेजर रसायन घे, गणित सोडूनच दे, मग काय?' तसं होत नाही. तुझं पहिलं वर्षच अपुरं आहे, पुढं कुठला विषय घेणार याच्याशी त्याचा संबंध नाही.

तेव्हा या आठवड्यात करायचं काम कोल्हापूरला फोन लावायचं नाही. गणिताच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव. किती मार्कांनी राहिलीस ते तू लिहिलेलं नाहीस. दोन-चार मार्कांचा प्रश्न असेल तर छायाप्रत घेऊन वर्गातल्या सरांना दाखव आणि फेरतपासणीला टाक. बेरजेत चूक असते, एखादं उत्तर तपासायचं राहिलेलं असतं, असं घडतं, आणि ते अगदीच क्वचित नव्हे. मुदत फार थोडी असते आणि ती निकालाबरोबरच्या सूचनेत दिलेली असते. कॉलेज उघडेपर्यंत थांबू नकोस. अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क विद्यापीठाकडं बरोबर चढलेत का तेही बघ. ऑनलाईन निकालात अंतर्गतच्या रकान्यात शून्य दिसत असेल तर ती तुझी नापासी नव्हे, कॉलेजकडून राहिलेली नोंद असू शकते, आणि ती कॉलेजनंच दुरुस्त करून द्यायची असते.

फेरतपासणीत सुटलीस तर चल कोल्हापूरला, पुढं सांगतो तसं. नाही सुटलीस, तर सम सत्राचा पेपर सहसा पुन्हा सम सत्राच्याच परीक्षेबरोबर येतो, म्हणजे जवळजवळ वर्षानं. तोवर वरची खिडकी बंद झालेली असेल. त्या परिस्थितीत माझं मत विचारशील तर बदलीचा विचार सोड. इथंच तिसरं सत्र सुरू कर, पेपर काढ, पदवी पुरी कर, आणि एम.एस्सी.ला कोल्हापूरला जा. कर्नाटकाची तीन वर्षांची पदवी दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला चालते. तेव्हाही स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता लागतेच, पण पेपराला पेपर जुळवायची कटकट राहत नाही, पदवी ती पदवी. शिवाय मग तू खरोखरच विद्यापीठाच्या आवारात शिकशील. तिथले विभाग, ग्रंथालय, 'कमवा आणि शिका'ची सोय, हे सगळं बी.एस्सी.च्या कॉलेजपेक्षा वेगळ्या दर्जाचं आहे. पहिल्या वर्षालाच नव्यानं कोल्हापुरात नाव घालायचा एक मार्ग उरतो, पण एका पेपरासाठी आख्खं वर्ष मोजायचं, हे मला तरी पटत नाही.

घरचे म्हणतील, तिकडं मराठीत शिकता येईल. बी.ए. असती तर हा मुद्दा मी पहिला मांडला असता. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या आपल्या भागातल्या पोरांना पी.यू.त, म्हणजे अकरावी-बारावीत, गेल्यावर इतिहास, अर्थशास्त्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये वाचावं लागतं आणि ती तिथंच खचतात. अशा पोरांना शिवाजी विद्यापीठाच्या बी.ए.त मराठीतून उत्तरं लिहिता येतात, मोठाच आधार होतो. बी.एस्सी.ला मात्र दोन्हीकडं पुस्तकं इंग्रजीच, पेपर इंग्रजीच. त्या कारणासाठी जाण्यात अर्थ नाही.

आता 865 गावांचं. महाराष्ट्रानं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यात मागितलेली ही गावं, आणि खानापूर तालुक्यातली बरीच त्यात आहेत. या गावांतल्या मराठी भाषिक विद्यार्थ्यांना महाराष्ट्र सरकारनं शिक्षणात सवलती दिलेल्या आहेत, आणि त्याचा सगळ्यात ठळक उपयोग होतो तो इंजिनिअरिंग, फार्मसी यांसारख्या सीईटीवरून होणाऱ्या प्रवेशांत. एरवी महाराष्ट्राचा अधिवास दाखला मिळायला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. सीमाभागातल्या उमेदवाराला ते नसतानाही राज्यातला उमेदवार म्हणून अर्ज करता येतो, त्यासाठी अर्जात वेगळा प्रकारच आहे. गाव वादग्रस्त सीमाभागातलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दाखले लागतात, आणि ते त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत छापलेल्या नमुन्यातच लागतात. स्वतःच्या शब्दांत लिहून आणलेला सरपंचांचा दाखला चालत नाही. शाळेच्या रजिस्टरात मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय तेही आताच बघून ठेव. मराठी शाळेत शिकूनही तिथं भलतंच लिहिलेली पोरं मला माहीत आहेत.

पण तुझ्या कामाला, म्हणजे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, या सवलतीचा फारसा उपयोग नाही. तिथं जागा रिकामी असली की मिळते आणि अडतं ते समकक्षतेवर. समकक्षतेला गावाच्या यादीनं काही फरक पडत नाही. फीमध्ये सीमाभागातल्या विद्यार्थ्यांना काही सूट आहे का, हे मात्र त्या कॉलेजात प्रवेशाच्या वेळी जरूर विचार आणि त्याचं परिपत्रक दाखवायला सांग.

पैशाचा हिशेब घरात कुणी मांडलेला दिसत नाही. कर्नाटकातला जातीचा दाखला महाराष्ट्रात आरक्षणाला चालत नाही. मराठा समाज इकडं 3बी या मागास गटात आहे, पण सीमा ओलांडली की तो दाखला तिथल्या प्रवेशाला नुसता कागद. आरक्षणाच्या बाबतीत तू तिकडं खुल्या गटातली. कर्नाटकाच्या स्कॉलरशिप पोर्टलवरून जी काही फी परत मिळत असेल ती बंद होईल की चालू राहील, हे योजनेनुसार बदलतं. अनुसूचित जातीची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती मात्र विद्यार्थी बाहेर शिकत असला तरी त्याच्या मूळ राज्याकडूनच मिळते, म्हणून त्या पोरांनी नाडकचेरीतले (इकडच्या महसूल कार्यालयातले) जात-उत्पन्नाचे दाखले चालू ठेवावेत. महाडीबीटी या महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या बहुतेक योजनांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो. आणि तुला ज्या तुकडीत जागा मिळेल ती अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे फी भरण्याआधी विचार. एकाच कॉलेजात एकाच वर्गाची फी यामुळं कितीतरी पटीनं वेगळी असते.

ये-जा हेच खरं कारण असेल तर एवढं लांब जायची गरज आहे का तेही बघा. जून 2023 पासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेत बायकामुलींना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. तुला बेळगावला जायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. बेळगावात मुलींच्या वसतिगृहात सोय झाली तर तुझी निम्मी अडचण तिथंच सुटेल, आणि त्यासाठी विद्यापीठ बदलावं लागणार नाही.

निपाणी, चिक्कोडीकडच्या पोरांची गोष्ट निराळी. निपाणीला लागूनच अर्जुननगर आहे. तिथलं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतं आणि शिवाजी विद्यापीठाकडं आहे. निपाणीच्या घरात राहून, चालत जाऊन, महाराष्ट्राची पदवी घेता येते. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांना हलकर्णी आणि चंदगडची कॉलेजं तशीच जवळ पडतात. या भागातल्या बारावीच्या पोरांनी हा विचार पहिल्या वर्षाच्या प्रवेशालाच करावा. एका वर्षानं उठून जाण्यापेक्षा तेव्हा ते फार स्वस्तात होतं. सेकंड पी.यू. महाराष्ट्रात बारावीच्या बरोबरीचं धरतात, पात्रतेचा अर्ज तेवढा करावा लागतो.

इंजिनिअरिंगवाल्यांनी यातलं काही आपल्याला लावून घेऊ नये. बेळगावातच मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठात एका कॉलेजातून दुसऱ्यात जायचे नियम वेगळे आहेत, जागा, दोन्ही कॉलेजांची ना-हरकत आणि सत्राची सुरुवात यावर सगळं ठरतं. मेडिकल आणि कायदा यांना तर त्यांच्या परिषदांचे नियम आहेत, तिकडं अशा बदलीला जवळपास वाव नाही.

समज, फेरतपासणीत गणित सुटलं आणि तिकडचा लेखी होकारही आला. मग क्रम असा ठेव. आधी कॉलेजकडून टी.सी. आणि ना-हरकत, मग राणी चन्नम्मा विद्यापीठाकडून स्थलांतर प्रमाणपत्र. स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज लगेच कर, त्याला वेळ लागतो, आणि ते मूळ स्वरूपात जमा केल्याशिवाय तिकडची पात्रता कायम होत नाही. त्याच्या दोन-तीन रंगीत प्रती स्वतःकडं ठेव.

नाव तपास. आपल्याकडचे निम्मे हेलपाटे या एका गोष्टीपायी होतात. समज, दहावीच्या मार्क्स कार्डावर 'सुनीता परशराम पाटील' आहे. आधारवर 'परशुराम' आहे. महाराष्ट्रातल्या फॉर्मवर आडनाव आधी टाकायची रीत, म्हणून तिथं 'पाटील सुनीता परशराम'. इंग्रजी स्पेलिंगात कुठं एक 'ए' जास्त, कुठं बापाच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. माणसाला कळतं ही एकच मुलगी. संगणकाला कळत नाही, आणि संगणकापुढं बसलेला माणूस धोका पत्करत नाही. दहावीचं मार्क्स कार्ड हाच आधार धर, बाकी सगळं, आधार आणि एबीसीचं खातंसुद्धा, त्याप्रमाणं आधी दुरुस्त करून घे. कन्नडमधले दाखले असतील तर त्यांचं साक्षांकित मराठी किंवा इंग्रजी भाषांतर जोड. कोल्हापूरच्या टेबलावर कन्नड वाचणारा असेलच असं नाही.

निकाल आणि प्रवेशाच्या तारखा जुळत नाहीत, हे गृहीतच धर. तिकडं दुसऱ्या वर्षाचे वर्ग लागतात तेव्हा इकडच्या सम सत्राचा निकाल बऱ्याचदा बाकी असतो. छापील मार्क्स कार्ड तर आणखी उशिरा येतं. ऑनलाईन निकालाची प्रत प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी दिली तर तात्पुरता प्रवेश मिळतो. पण तेव्हा हमीपत्र लिहून घेतात, की अमुक तारखेपर्यंत कागद दिले नाहीत तर प्रवेश रद्द. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव आणि बहिणीलाही सांग.

कॉलेज सोडताना काही ठिकाणी उरलेल्या दोन वर्षांची फी भरा, मगच टी.सी. आणि मूळ कागद देऊ, असं सांगतात. घाबरू नकोस आणि भांडूही नकोस. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायची नाहीत असं यूजीसीनं 2018 मध्येच सगळ्या संस्थांना कळवलेलं आहे. त्याचा उल्लेख करून प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज दे, आवक क्रमांक घे, आणि आठवड्यानं तोच क्रमांक घेऊन पुन्हा ऑफिसात जा.